कागद बिघडवण्याची मुभा

एकदा एका तालुक्याच्या गावी भालचंद्र मास्तर नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत असत. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. बोलणे मोजके, स्वभाव थोडा हट्टी. गावच्या वाचनालयाच्या वरच्या दालनात दुपारच्या वेळी ते बायकांना शुभेच्छापत्रे करायला शिकवीत. अल्कोहोल इंकचे काम त्यांना विशेष प्रिय होते. ही शाई स्पिरिटात विरघळलेली असते. गुळगुळीत पृष्ठभागावर तिचा थेंब सोडून नळीने फुंकर घातली की रंग पाकळ्यांसारखा पसरत जातो. साधा कागद मात्र तो थेंब जागच्या जागी पिऊन टाकतो. म्हणून शाई न शोषणारा खास कागद लागतो, आणि तो परदेशातून येत असल्याने भलताच महाग पडतो.

मास्तरांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. पक्क्या मार्करमध्ये भरायची शाई, औषधाच्या दुकानातले स्पिरिट, फोटो छापायचा चकचकीत कागद, जुन्या फायलींची प्लास्टिकची आवरणे, सरबताच्या नळ्या आणि औषधाच्या बाटल्यांचे ड्रॉपर एवढ्यावर वर्ग चाले. वास कोंडू नये म्हणून खिडक्या सताड उघडायच्या आणि कामाला बसायचे.

या वर्गात पद्मजा नावाची एक विद्यार्थिनी होती. संसार मोडून ती माहेरी परतली होती. भाऊ-भावजय वाईट नव्हते, पण तिच्या या उद्योगाला घरात ‘रंगकाम’ म्हणत, आणि ते म्हणताना जरा हसत. वर्गात मात्र तिचा हात सगळ्यांत मोकळा होता. थेंब कुठे पळेल, कुठे थांबेल, हे तिला बोटांनीच कळे.

त्या वर्षी गावात जयंतशेठांनी चित्रकलेच्या साहित्याचे मोठे दुकान काढले. शेठ वाचनालयाचे विश्वस्तही होते. त्यांनी पद्मजाला बोलावून घेतले आणि सांगितले, की वरचे दालन मी स्वखर्चाने नवे करून देतो, वर्ग तुम्ही चालवा, दरमहा पगार मिळेल. मास्तर आता थकले, असेही ते म्हणाले. अट एकच होती. वर्गात फक्त त्यांच्या दुकानातले साहित्य वापरायचे. असल्या घरगुती खटपटीने कलेची शोभा जाते, असे त्यांचे मत होते. नव्या दालनाच्या उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावर प्रात्यक्षिक करावे म्हणून त्यांनी परदेशी शाईची पेटी आणि त्या खास कागदाचा गठ्ठा तिला भेटच दिला.

त्या दिवशी घरी चालत जाताना आनंदात रस्ता कधी संपला ते पद्मजाला कळले नाही. पगार म्हणजे घरातले ते हसणे थांबणार होते.

पण कागद समोर घेऊन बसली आणि तिचा हात चालेना. तो कागद इतका पांढरा, इतका देखणा, की थेंब सोडताना तिचा श्वास अडके. एक फुंकर घालावी आणि पुढे धीर होऊ नये. बऱ्याच दिवसांनी तिने कसेबसे एक शुभेच्छापत्र पुरे केले. कोपऱ्यात एक लहानसे निळे फूल, बाकी सारे कोरे. शेठांनी ते पाहून फार नीटनेटके झाले आहे, असे म्हटले. ते शुभेच्छापत्र आणि उरलेला गठ्ठा घेऊन ती वर्गात मास्तरांकडे गेली. पगाराचे सांगितले, अटीचेही सांगितले.

मास्तरांनी निळे फूल बराच वेळ न्याहाळले. मग गठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारले, “हा कागद तुझा आहे ना? मला देशील?”

मास्तरांना तो वापरून पाहायचा असेल, असे वाटून तिने आनंदाने दिला. मास्तरांनी गठ्ठा सोडला आणि ते मोलाचे कागद एकेक करून मोठ्या टेबलावर रद्दीसारखे अंथरले. मग बायकांना म्हणाले, की यावर आपापली कामे मांडा, थेंब सांडले तर सांडू द्या, ड्रॉपरही यालाच पुसा. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी वर्गातल्या नसीमने, जिला असा कागद कधीच परवडला नसता, आपले फाइलचे आवरण त्यावर ठेवले आणि शाईचा पहिला डाग त्या पांढऱ्याशुभ्र कागदावर पडला.

पद्मजा टेबलाजवळ धावली. “मास्तर, हे बरं नाही केलंत,” ती म्हणाली. “मला मिळालेली एक चांगली वस्तू तुम्हाला बघवली नाही का?”

मास्तर रागावले नाहीत. ते म्हणाले, “कागद उत्तम आहे. ज्याला परवडतो त्यानं जरूर वापरावा. पण तू त्याच्यापुढे हात जोडून बसलीस, पद्मजा. हे फूल तुझं नाही, तुझ्या भीतीचं आहे. जी वस्तू बिघडवायची आपल्याला मुभा नाही, ती आपल्याला काही शिकवत नाही. तुझा हात मोकळा झाला तो फायलींची आवरणं बिघडवून. आता तीच मुभा तू या नसीमकडून काढून घेणार आहेस, तेही पगार घेऊन. ते तुला चालणार असेल तर खुशाल जा, मी अडवणार नाही.”

पद्मजा निघून गेली. द्विधा मनाने ती घरात वावरत राहिली. पगार हवा होता. पण डोळ्यांसमोर नसीम येई, जिना चढून येणारी, आणि दारातूनच परत फिरणारी.

उद्घाटनाच्या दिवशी दालन भरले होते. पुढच्या रांगेत तिचे भाऊ-भावजय बसले होते. शेठांनी तिचे नाव पुकारले. टेबलावर परदेशी पेटी मांडलेली होती. पद्मजाने ती अलगद बाजूला सरकवली, पिशवीतून स्पिरिटची बाटली, मार्करची शाई आणि फाइलचे एक आवरण काढले, आणि खिडकी उघडायला सांगितली. पहिला थेंब बिघडला. तिने कापसाने तो पुसला आणि सगळ्यांदेखत पुन्हा सुरुवात केली. रंग आवरणाच्या कडेपर्यंत पसरले.

शेठ हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, हे आपलं ठरलं नव्हतं.”

“नव्हतं,” पद्मजा म्हणाली, आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असे म्हणाली. “तुमचा माल चांगला आहे, शेठ. तो दुकानात ठेवा, जमेल तेव्हा मी येऊन घेईन. वर्गाच्या दारात अट म्हणून ठेवू नका. त्या अटीवर मी शिकवणार नाही.”

तिला नोकरी मिळाली नाही. महिनाअखेरीस शेठांनी वरच्या दालनाला कुलूपही लावले. वर्ग नसीमच्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत भरू लागला. काही बायका जागा लांब पडते म्हणून सुटल्या, काही नव्या आल्या. घरी मात्र पुन्हा कोणी ‘रंगकाम’ म्हणून हसले नाही.

एके दिवशी काम आवरताना मास्तरांनी तिला विचारले, की पश्चात्ताप होतो का?

“पगाराचं वाईट वाटतं,” ती म्हणाली. “अजून वाटतं. पण त्या दिवशी ‘हो’ म्हटलं असतं, तर आज नसीमच्या डोळ्याला डोळा देता आला नसता.”

मास्तरांनी मान हलवली आणि ओले ड्रॉपर उन्हात मांडायला तिला मदत करू लागले.

कोणतीही कला शिकायला निघालेल्याने आधी एवढेच पाहावे, की हातातले साहित्य आपल्याला चुकू देते की नाही.