रिकाम्या गाडीची उंची

ही गोष्ट गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, कोल्हापुरात, गाड्यांचे मिस्त्री दस्तगीर मुल्लाणी यांच्या तोंडून जशी ऐकली तशी दिली आहे.

फार वर्षांपूर्वी त्यांच्या गॅरेजात एक लाल स्पोर्ट्स कार होती. रविवारी तिची घाटात शर्यत होती, आणि शेजारच्या गाड्या तिला ‘उंटीण’ म्हणून चिडवत. तिला ठेंगणे व्हायचे होते. टेबलावर नव्या स्प्रिंगांचे दोन संच होते.

"आम्ही तुला दोन इंच खाली आणू," आखूड स्प्रिंगा म्हणाल्या. "जमिनीच्या कानात बोलशील."

"आम्ही एकच इंच," दुसऱ्या म्हणाल्या. "पण बाई, तुमच्यात बसणार कोण?"

"उंची माझी मोजायचीय, बसणाऱ्याची नाही," गाडी फणकारली.

तिच्या हट्टाखातर मिस्त्रींनी आखूड स्प्रिंगा बसवल्या. मग रिवाजाप्रमाणे टाकी भरली, चालकाच्या वजनाइतके वाळूचे पोते सीटवर ठेवले आणि वाटेतल्या गतिरोधकाच्या उंचीची फळी गाडीच्या पोटाखाली सरकवली. फळी ऑइलच्या चेंबरला अडली. शर्यतीला पोहोचण्याआधीच ते फुटले असते.

आजवर गाडीने स्वतःला रिकामे उभे असतानाच पाहिले होते. तिने टेबलावर उरलेल्या एक इंचवाल्या स्प्रिंगांकडे पाहिले.

"तुम्ही अजून काय विचारणार होतात गं?"

पोते अडुसष्ट किलोचे होते, याला चालकानेही दुजोरा दिला. हा शेवटचा प्रश्न मात्र गाडीने खरोखर विचारला, की मिस्त्रींनी तिच्या तोंडी घातला, याची खातरजमा कधीच होऊ शकली नाही.