जालिंदरचं इटालियन जेवण

एका गावात एक भोळा द्राक्षबागाईतदार होता. गावाचं नाव कवठेवाडी, त्याचं नाव जालिंदर. बाग अशी, की बघणाऱ्याची नजर लागावी. अंगात कष्ट, तोंडात गोडवा, मनात कपट नाही. खोट एवढीच, की सांगितलेलं तो ऐकायचा. अगदी जसंच्या तसं ऐकायचा. एकदा आई म्हणाली, "जालू, म्हशीवर नजर ठेव." जालूनं नजर ठेवली. म्हैस शेजाऱ्याच्या मक्यात शिरली, पोटभर मका खाल्ला, तिथंच रवंथ करत बसली. जालूची नजर तिच्यावरून एकदाही हलली नाही.

अशा माणसाचं लग्न जमणं सोपं नसतं. जालिंदर मुलीकडचे कांदेपोहे खाऊन घरी पोचायचा, आणि त्याच्या मागोमाग नकार पोचायचा.

शेवटी हणमंतमामानं पुण्याचं एक स्थळ आणलं. मुलगी अर्पिता जगताप, बँकेत नोकरीला. जालिंदरनं तिला आधी एकदा नात्यातल्या एका लग्नात पाहिलं होतं. ती पंगतीत मठ्ठा वाढत होती आणि त्याला वाढताना जराशी हसली होती. त्यानंतर कित्येक दिवस जालिंदर जेवताना मठ्ठा मागायचा आणि नुसता बघत बसायचा. थोडक्यात, मुलगी त्याला मनापासून आवडली होती. नकार यायचे ते आजवर त्यानं हसत घेतले होते. हा आला असता तर मात्र त्याला सोसला नसता.

मुलीनं निरोप धाडला होता, पोह्यांचा कार्यक्रम नको. पुण्यात एक इटालियन हॉटेल आहे, तिथं जेवू, बोलू, बघू.

मामा म्हणाला, "काय भिऊ नको. मी हाय शेजारी. मी सांगेन तसं कर."

मामानं असल्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण तालुक्याला त्याचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे त्याला सगळं माहीत असायचं.

निघताना आईनं बजावलं, "लोकांच्या दारात गेलं की पायताण बाहेर काढावं. मोठ्या माणसाच्या पाया पडावं."

हॉटेलच्या दारात काळा कोट घातलेला एक उंच माणूस उभा होता. जालिंदरनं नवे बूट काढले, भिंतीकडेला जोडीनं लावले आणि त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवलं. तो होता दरवान. तो बिचारा घाबरून मागं सरला. आत टेबलाशी बसलेल्या अर्पिताच्या वडिलांनी, जगतापांनी, काचेतून हे सगळं पाहिलं. अर्पितानंही पाहिलं.

मामानं जालिंदरला बाजूला ओढलं. "जालिंदर, हे असं नसतं."

"मग कसं असतं, मामा?"

"हितं काही काढायचं नसतं. जे जसं हाय तसंच राहू द्यायचं."

"बरं मामा. आता चुकायचं नाही."

त्यानं बूट घातले. आत जाऊन सगळे बसले. नमस्कार झाले, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. वेटरनं पेल्यात उभ्या ठेवलेल्या ब्रेडच्या लांब कांड्या आणल्या. कुरकुरीत, बोटाएवढ्या जाड, आणि प्रत्येक कांडी पांढऱ्या कागदात गुंडाळलेली. जालिंदरनं एक उचलली. कागद बघितला. मामाचे शब्द आठवले. काही काढायचं नसतं. त्यानं कांडी कागदासकट तोंडात घातली आणि चावू लागला.

जगतापांनी विचारलं, "कसं वाटलं, जालिंदरराव?"

"चव बरी हाय," जालिंदर म्हणाला. "पण जरा चिवट वाटतंय."

अर्पिता एकाएकी मेनूकार्ड वाचायला लागली. कार्ड तिच्या तोंडासमोर होतं आणि ते हलत होतं.

मामानं घाम पुसला. कानाशी लागून म्हणाला, "जालिंदर, हे असं नसतं."

"मग कसं असतं, मामा?"

"अरे, वरचं आवरण काढायचं, बाजूला ठेवायचं आणि आतलं खायचं. लहान पोराला कळतं."

"बरं मामा. आता चुकायचं नाही."

मग रॅव्हिओली आली. रॅव्हिओली म्हणजे करंजीची इटलीत दिलेली धाकटी बहीण. चौकोनी, मऊ, उकडलेली, पोटात पालक आणि चीज. जालिंदरनं एक एक चौकोन बोटांनी अलगद उसवला. आतलं सारण चाटूनपुसून खाल्लं. वरची आवरणं सोलून ताटलीच्या कडेला एकावर एक रचली. काम फार नाजूक होतं. पण द्राक्षाची विरळणी करणारा हात तो, एकही आवरण फाटलं नाही. सगळं झाल्यावर त्यानं ती चळत अदबीनं वेटरपुढं धरली.

"ही सालं गोठ्यात टाका," तो म्हणाला. "गुरं आवडीनं खातील."

वेटरनं चळत हातात घेतली आणि इकडंतिकडं बघितलं. हॉटेलला गोठा नव्हता. जगताप खोकले. ते खोकले की हसले, ते मामाला कळलं नाही. त्यामुळे मामाला आणखीच घाम फुटला. स्थळ हातचं चाललं, असं त्याला स्वच्छ दिसायला लागलं. जालूच्या आईला काय तोंड दाखवायचं, हेही दिसायला लागलं.

"जालिंदर," मामा दात आवळून म्हणाला, "हे असं नसतं."

"मग कसं असतं, मामा?"

"अन्न टाकायचं नसतं रे! पुढ्यात जे येईल ते सगळं संपवायचं. कण ठेवायचा नाही."

"बरं मामा. आता चुकायचं नाही."

आता झालं असं, की शेजारच्या टेबलावर एक तरुण आपल्या आईबरोबर जेवायला आला होता. चांगला नीटनेटका, चष्मेवाला. त्यांनी मागवलेला पदार्थ या हॉटेलची शान होता. एका चाकांच्या गाड्यावर चीजचा अख्खा गोल आणतात, जात्याच्या तळीएवढा. तो मधे कोरलेला असतो. त्या खळग्यात गरम शेवया घालून वेटर सगळ्यांदेखत ढवळतो, आणि मग वाढतो. तो गोल महिनाभर पुरवतात म्हणे.

वेटर गाडा घेऊन निघाला. वाटेत खुर्ची आडवी आली म्हणून तो क्षणभर थांबला. थांबला तो बरोब्बर जालिंदरच्या पुढ्यात.

जालिंदरनं गोलाकडे बघितलं. मोठा होता. पण मामाचा शब्द होता, पुढ्यात येईल ते सगळं संपवायचं. त्यानं बाह्या वर केल्या. काटा खुपसला, कड उचकटली आणि खायला सुरुवात केली. वेटर "साहेब, साहेब" म्हणत गाडा मागं ओढायला लागला. जालिंदरनं दुसऱ्या हातानं गाडा धरून ठेवला. भरल्या तोंडानं तो म्हणाला, "थांबा वाईच. टाकत नाही मी."

मॅनेजर आला. दोघांनी मिळून गाडा सोडवला. शेजारच्या तरुणाची आई डोळे विस्फारून बघत होती. तरुण म्हणाला, "असू दे, भूक लागली असेल." जालिंदरच्या मिशीला चीज लागलं होतं. उलट त्यालाच वाईट वाटत होतं, की काम अर्धवट राहिलं.

मामा आता रडकुंडीला आला. त्यानं जालिंदरला हाताला धरून हात धुवायच्या जागेपर्यंत नेलं.

"जालिंदर, हे असं नसतं रे बाबा."

"मग कसं असतं, मामा?"

"अरे, ते शेजारच्यांचं होतं. चांगली वस्तू पुढ्यात आली म्हणून लगेच आपली म्हणू नये. माणसाला रीतभात असावी. आधी शेजारच्यांना विचारावं. त्यांना नको असलं, तर मग आपण."

जालिंदरला हे पटलं. गावच्या पंगतीतही आधी पाहुणे बसतात आणि मग घरची माणसं. आजवरच्या सगळ्या गोष्टींत ही एक त्याला सरळ समजली.

"बरं मामा. आता अजिबात चुकायचं नाही."

दोघं परत येऊन बसले. मामानं मनातल्या मनात नकार घेऊन ठेवला होता. परतीची एसटी किती वाजता सुटते, याचा तो विचार करत होता.

आणि अर्पितानं मेनूकार्ड खाली ठेवलं. तिचे डोळे हसून हसून ओले झाले होते, पण बोलली ती सरळ.

"बाबा, मी बोलू का?"

जगताप म्हणाले, "बोल की."

"आजवर मी बरीच मुलं पाहिली," अर्पिता म्हणाली. "हुशार होती, पगारवाली होती. पण मी बोलत असले की त्यांचं लक्ष फोनमध्ये. सांगितलेलं एकाच्याही कानात शिरत नव्हतं. हे ऐकतात तरी. ऐकून लगेच करतात. काय सांगायचं, ते लग्नानंतर मी बघून घेईन."

मामाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्यानं टेबलाखाली कुलदैवताला हात जोडले.

जगताप म्हणाले, "पोरीला पसंत तर मला पसंत. माणूस निर्मळ आहे. जालिंदरराव, आता तुम्ही सांगा."

अर्पिता जालिंदरकडे वळली. मठ्ठा वाढताना हसली होती, तशीच हसली. "मला तुम्ही पसंत आहात," ती म्हणाली. "तुमचं काय?"

जालिंदरचे कान तापले. एवढी चांगली गोष्ट त्याच्या पुढ्यात आयुष्यात कधी आली नव्हती. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं मोठ्या कष्टानं गिळलं. माणसाला रीतभात असावी.

तो उठला. शर्ट खाली ओढला. शेजारच्या टेबलापाशी जाऊन त्या चष्मेवाल्या तरुणापुढं अदबीनं वाकला.

"दादा," तो म्हणाला, "मघाशी माझी चूक झाली. आता आधी तुमचा मान. या अर्पिता जगताप. बँकेत असतात, स्वभाव फार चांगला. तुम्हाला हव्या असल्या तर बघा. नको असल्या, तर मग मी आहेच."

मामानं डोकं टेबलावर टेकवलं. अर्पितानं आधी जालिंदरकडे पाहिलं, मग त्या तरुणाकडे. तरुणानं गडबडीनं काटा खाली ठेवला, फोन उचलून खिशात टाकला आणि केस सारखे केले. त्याच्या आईनं आपल्या चष्म्यावरून अर्पिताला नीट न्याहाळलं, पर्स उघडली आणि मुलाची पत्रिका बाहेर काढली.

जालिंदर आपल्या खुर्चीत येऊन बसला. या खेपेला मामानं सांगितलेलं अगदी बरोबर जमलं, म्हणून तो खुशीत होता.