दगडातला गरुड आणि एथनीचा हात

एकदा काय झालं, एका राजकन्येला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं: दगडावर हात ठेवायचा, का म्हणून विचारायचं नाही.

तिचं नाव एथनी. पार उत्तरेला, थंडगार समुद्राच्या काठी तिचं राज्य. तिथली माणसं अंगावर निळी नक्षी काढायची. त्यांना पिक्ट म्हणत. त्यांच्यात राजाचा मुलगा राजा होत नसे, बरं का. राजाच्या बहिणीचा मुलगा राजा व्हायचा. राज्य यायचं ते आईकडून.

टेकडीवर एक उभा दगड होता. त्यावर गरुड कोरलेला, आणि खाली आरसा नि कंगवा. ती राजघराण्यातल्या बायकांची खूण. त्या घरच्या बाईनं हात ठेवला, की दगडातला गरुड जागा व्हायचा. नव्या राजाच्या डोक्यावरून एक घिरटी घालायचा आणि परत दगडात जाऊन बसायचा. मग तो राजा. त्याशिवाय नाही.

मग म्हातारा राजा वारला. त्याची बहीण आधीच गेलेली. तिची दोन मुलं, थोरला ब्रेद आणि धाकटी एथनी. राजा व्हायचं ब्रेदनं आणि हात ठेवायचा एथनीनं.

आता त्या राज्यात तीन लहान मुलगे ओलीस होते. ओलीस म्हणजे काय? शेजारच्या राजानं तह केला, तेव्हा आपली पोरं इथं ठेवली. मी शब्द मोडला तर यांचं काय ते करा, असं म्हणून. आणि त्यानं शब्द मोडला की हो! सीमेवरची गुरं पळवली. ब्रेद म्हणाला, "राजा झालो की पहिलं काम, तिघांना समुद्रात बुडवायचं." ओलिसाचा जीव घ्यायचा हुकूम फक्त राजाच देऊ शकायचा. म्हणून तो थांबला होता.

त्या पोरांना एथनीनंच घास भरवला होता. सर्वांत धाकट्याचे तर अजून दुधाचे दात पडायचे होते.

मग सगळे टेकडीवर जमले, राज्यातले तीन जाणते म्हातारेही आले. पोरं हात बांधून उभी. एथनी दगडाजवळ गेली. हात पुढे केला. गरुडाचं एक पीस थरथरलं. तिनं पोरांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. पीस पुन्हा दगड झालं.

मग पहिला म्हातारा गोड बोलला, "एथनी, बाळ, तुझ्या आईनं ठेवला, आजीनं ठेवला. तूही ठेव."

"त्यांना कुणी पोरं बुडवायला सांगितली नव्हती, आजोबा."

मग दुसरा गुरकावला, "चार अक्षरं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवतेस? हात ठेवणं तुझं काम. पुढचं राजा बघेल."

"हात माझा, तर पुढचंही माझ्याच माथी."

मग तिसरा, सगळ्यांत म्हातारा उराद, काठी टेकत आला. तो म्हणाला, "पोरी, राजा नसेल तर राज्य उघडं पडेल गं. शत्रू येईल. तीन पोरांपायी सगळ्यांना मारशील?"

एथनीला ठाऊक होतं, हे खोटं नव्हतं. तिनं खाली समुद्राकडे, काठावरच्या होडीकडे पाहिलं.

"एथने, ठेव हात!" ब्रेद ओरडला.

"नाही, दादा. आधी ही पोरं आपल्या होडीत बसतील. होडी पलीकडे लागली, पोचल्याच्या खुणेचा धूर त्यांच्या काठावर दिसला, की मग मी हात ठेवीन. तोवर शत्रू आला, तर मी सगळ्यांच्या पुढे उभी राहीन. पण आज हात ठेवणार नाही."

उराद काठी टेकत बाजूला झाला. दुसऱ्यानं मान खाली घातली. गरुड जागचा हलला नाही.

एथनी वाकली आणि पोरांच्या दोऱ्या सोडायला लागली. कुणी तिचा हात धरला नाही.

मग पोरं होडीतून सुखरूप घरी गेली, बाळांनो, आईच्या कुशीत शिरली. पलीकडे धूर दिसला, तेव्हा एथनीनं शब्द पाळून दगडावर हात ठेवला आणि गरुडानं ब्रेदच्या डोक्यावरून घिरटी घातली. मिटा बरं डोळे तुम्हीही.