लाल पान

एकदा एका मनोविकार रुग्णालयात संगणकांचे जाळे सांभाळणारा एक वृद्ध अभियंता होता. त्याच्या हाताखाली एक शिष्य काम शिकत होता. डॉक्टरांना घरी बसून, साध्या ब्राउझरमधून, रुग्णांच्या नोंदी वाचता याव्यात अशी सोय फायरवॉलवर, म्हणजे बाहेरून जाळ्यात कोणाला शिरू द्यायचे ते ठरवणाऱ्या यंत्रावर, करायची होती. गुरूने ते काम शिष्यावर सोपवले.

शिष्याने ते मन लावून केले. कोणी कुठवर जावे हे ठरवले, पासवर्डचे नियम कडक केले. फक्त एक गोष्ट अडली. हे पान खरोखर रुग्णालयाचेच आहे, अशी ब्राउझरला ग्वाही देणारे प्रमाणपत्र यायला उशीर होता. तोवर त्याने फायरवॉलवरच तयार केलेले प्रमाणपत्र लावले. ब्राउझरचा त्यावर विश्वास बसेना. तो दर वेळी धोक्याचे लाल पान दाखवी. शिष्य डॉक्टरांना सांगे, "ते येतंच. खाली 'तरीही पुढे जा' आहे, ते दाबा."

महिन्याने खरे प्रमाणपत्र आले आणि लाल पान दिसेनासे झाले. दोन आठवडे सुरळीत गेले. मग एका सकाळी गुरूने काही न बोलता जुने प्रमाणपत्र परत लावले.

"सर, चांगलं चाललेलं का बिघडवताय?"

"बस इथे. किती जण फोन करून विचारतात ते पाहू."

एकेक डॉक्टर लाल पान ओलांडून नोंदींत शिरत राहिला. नावे पडद्यावर उमटत राहिली. फोन एकदाच वाजला. कँटीनवाला विचारत होता, "साहेब, आज दोनच डबे ना?"

दुपारी गुरूने खरे प्रमाणपत्र पुन्हा लावले. मग तो म्हणाला, "फायरवॉल तू नीट बांधलीस. पण लाल पान दिसलं की थांबायचं असतं, हे तू त्यांच्या मनातून पुसून टाकलंस. उद्या कोणी आपल्या पानासारखंच खोटं पान वाटेत उभं करील, आणि आपली माणसं तुझं ऐकून पुढे जातील, पासवर्ड त्याच्या हाती देतील. आपल्याकडे उपचाराला येणारी एक शाळेतली बाई आधीच्या थांब्यावर उतरून चालत येते, कोणी पाहू नये म्हणून. तिची नोंद आत आहे. प्रमाणपत्र बदलता येतं. सवय कुठून बदलायची, ते मला या यंत्रात सापडलेलं नाही."

शिष्य प्रत्येक डॉक्टरकडे जाऊन आपली चूक सांगू लागला. एका ज्येष्ठ डॉक्टर बाईंनी शांतपणे ऐकले आणि त्या हसून म्हणाल्या, "अहो, मग आधी सांगायचं ना. रविवारीसुद्धा आलं होतं ते. भाचीच्या लग्नात होते, हॉलचं वायफाय लावलं होतं. पासवर्ड दोनदा मागितला, मी दोनदा दिला."

रविवारी खरे प्रमाणपत्रच लागलेले होते. रुग्णालयाच्या पानावर लाल पान येण्याचे काही कारण नव्हते.

शिष्याने तिथूनच गुरूला फोन केला. पलीकडून कळफलकाचा आवाज आला. मग गुरू म्हणाला, "त्यांचं खातं बंद केलं. त्यांच्या रुग्णांना आता कोणीतरी सांगावं लागेल."

"मी सांगतो," शिष्य म्हणाला.

तो बाहेर आला. बाकांवर माणसे एकमेकांत जागा सोडून, मान खाली घालून बसली होती. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारीत नसे.