कापूस कोंबलेल्या घंटा

राजे हत्तीवरून फिरत आणि वैद्य पायी, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात मोठी रुग्णशाळा होती. तिथे प्रत्येक खाटेशी एक दोरी असे आणि तिचं दुसरं टोक बाहेर ओसरीवरच्या घंटेला बांधलेलं असे. रुग्णाने दोरी ओढली की घंटा वाजे आणि सेवक धावत आत जाई.

राजा दरवर्षी रुग्णशाळांची तपासणी करवी. त्या दिवशी जिथे सगळ्यांत कमी घंटा वाजतील, तिथे मानाचा ध्वज लागे. घंटा कमी म्हणजे रुग्ण सुखात, असा राजाचा समज. आता राजाचाच समज म्हटल्यावर तो चुकीचा आहे, हे सांगणार कोण?

या रुग्णशाळेच्या मुख्य वैद्याला यंदा ध्वज हवाच होता. तपासणीच्या सकाळी त्याने सगळ्या घंटांमध्ये कापूस कोंबला, वरून झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि आतलं जाड दार लावून घेतलं.

सेवक चाचरत म्हणाला, "वैद्यबुवा, कोणाला काही झालं तर?"

"एका दिवसाने काय होतंय?" वैद्य म्हणाला.

तपासणीला राजाने पाठवलेली एक म्हातारी सुईण आली आणि ओसरीवर कान देऊन बसली.

त्याच वेळी आत एका कुंभारणीच्या मांडीचे टाके उसवले. रक्त थांबेना. तिने दोरी ओढली, पुन्हा ओढली. कोणी आलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईने घाबरून आपलीही दोरी ओढली. दार बंदच राहिलं.

बाहेर वैद्य खुशीत होता. "चाळीस रुग्ण आहेत, आजी. एक तरी घंटा ऐकलीत?"

सुईण जमिनीकडे पाहत होती. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी एका माळेतून पाकळ्या गळत होत्या. मग शेजारच्या माळेतूनही गळू लागल्या. ती उठली आणि तिने घंटेत बोटं घातली. हाताला कापूस लागला.

"दार उघडा."

"आजी, रुग्ण झोपलेत. जरा वेळाने गेलं तर..."

"आधी दार उघडा."

आत गादी रक्ताने भिजली होती. सुईणीने तळहाताने जखम दाबून धरली आणि वैद्याला टाके घालायला लावलं. फार वेळाने रक्त थांबलं.

कुंभारीण वाचली. डोळे उघडल्यावर ती वैद्याला एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ऐकू येतंय आन् तरी तुमी येत न्हाई."

वैद्याला तिच्याकडे पाहवेना. सुईणीकडून सगळं कळल्यावर राजाने त्याला पदावरून दूर केलं. तेव्हा सुईण राजाला म्हणाली, "कापूस त्याने कोंबला, महाराज. पण घंटा वाजू नये, हे त्याला शिकवलं तुम्ही."

मग राजाने ध्वजाची रीतच बंद केली. पुढच्या वर्षापासून तपासनीस एकच गोष्ट पाहू लागले: दोरी ओढल्यावर माणूस खाटेशी किती लवकर पोचतो.

बोध: रुग्ण गप्प आहेत म्हणून सेवा चांगली ठरत नाही, त्यांच्या हाकेला कोण किती लवकर धावतं, त्यावरून ती ठरते.