साळिंदररावांचं गॅरेज

जनावरं पायांऐवजी चाकांवर हिंडायची, त्या काळातली ही गोष्ट. साळिंदररावांनी नवी मोटार घेतली आणि घराशेजारी गॅरेज बांधायला काढलं. नकाशा काढायचं काम घरटी विणणाऱ्या सुगरण पक्षिणीकडे दिलं होतं, पण मापं रावांनी स्वतःच घेतली. आधी मोटारीचं आणि मग काटे अंगाला चोपून बसवून, श्वास रोखून, स्वतःचं. म्हणाले, "बाजूला एवढी जागा पुरे. उरलेल्या जागेत झोपाळा टांगू."

सुगरण म्हणाली, "राव, हे तुमचं शांतपणाचं माप झालं. रागावलात की काटे उभे राहतात, त्यांचीही जागा धरायला हवी."

"मी? मी रागावतो?" राव ओरडले आणि काटे असे ताठ झाले की समोरच्या नकाशाची चाळण झाली. "अख्खं रान माझ्या शांत स्वभावाचे गोडवे गातं!"

रानानं घाईघाईनं माना डोलावल्या. गॅरेज रावांच्या मापानं झालं.

पूजेच्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले. रावांनी मोटार झोकात आत घातली आणि अंग चोरून खाली उतरले. मोटार आणि भिंत यांच्यामधून ते बाहेर येत होते, तेवढ्यात दारात पेढा खाणारा ससा म्हणाला, "छान झालंय. जरा अरुंद वाटतं, एवढंच."

सर्रकन काटे उभे राहिले. अर्धे भिंतीत रुतले, अर्धे नव्याकोऱ्या मोटारीत. राव मध्येच अडकले.

"राव, राग आवरा, म्हणजे सुटाल," सुगरण म्हणाली.

"कोण रागावलंय?" आतून गर्जना झाली आणि पाठोपाठ मोटारीचं चाक फुस्सकन बसलं.

रानानं पुन्हा माना डोलावल्या आणि आणखी एकेक पेढा उचलला.