कुंभाराची हाक

फार पूर्वी, रानाला लागून असलेल्या एका गावात एक कुंभार राहत असे. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. पोटच्या पोरासारखं त्यांनी एक कुत्र्याचं पिल्लू सांभाळलं होतं. त्याचं नाव भुऱ्या.

त्या वर्षी दिवस मावळला की बिबट्या गावाच्या वेशीपर्यंत येऊ लागला. तीन घरची कुत्री त्यानं नेली. कुंभाराला भुऱ्याची काळजी लागली. पिल्लू अंगणात बांधावं, तर बिबट्याला आयतंच सापडायचं. मोकळं सोडावं, तर ते कुंपणातून निसटून माळावर पळायचं.

शेजारचा तेली म्हणाला, "अरे, धाक हवा धाक! चार दिवस चोप दे. पाचव्या दिवशी कुंपणाकडे ढुंकून बघणार नाही."

कुंभाराचा हात तसा कुणावर उठत नसे. पण भ्यालेला माणूस नको ते शिकतो. पिल्लू निसटलं की तो दारात उभा राहून हाक मारी, "यू यू, भुऱ्या!" शेपूट हलवत ते धावत येई. आत आलं की मानगूट धरून तो त्याच्या पाठीवर दोन फोक ओढी. "जाशील? पुन्हा जाशील?"

बायको कळवळून म्हणे, "अहो, हाकेसरशी आलं ना ते? मग मारता कशापायी?"

"बाहेर गेलं म्हणून."

"ते त्याला कसं कळावं?"

कुंभाराच्या मनात येई, हिचंच खरं असेल तर? पण ओढ्याकाठी बिबट्याचे ताजे ठसे उमटलेले असत, आणि त्याला दुसरं काही सुचत नसे.

पिल्लाचं येणं मंदावलं. आधी धावत यायचं, मग चालत, मग पोट जमिनीला घासत. उशीर केला म्हणून कुंभार एक फोक जास्त मारी.

एका संध्याकाळी भुऱ्या माळावर टोळामागे उड्या मारत होता. पलीकडे करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. कुंभाराला ठिपक्यांची पाठ दिसली.

"भुऱ्या! ये बाळा, ये लवकर!"

पिल्लानं मान वळवली. दोन पावलं पुढे टाकली आणि ते थांबलं. कुंभार ओरडत त्याच्याकडे धावला, तसं ते शेपूट पायांत घालून मागे मागे सरकलं. थेट जाळीपर्यंत.

एकदाच केकाटलं. मग माळ शांत झाला.

दुसऱ्या दिवशी तेली समजूत घालायला आला. "जाऊ दे गड्या. द्वाडच होतं ते. शिकवलेलं काही डोक्यात शिरतच नव्हतं."

"शिरलं होतं," कुंभार म्हणाला. "घरी परतलं की मार बसतो, एवढंच मी शिकवलं. तेवढं ते पक्कं शिकलं."

तात्पर्य: परत आलेल्याला मारलं, तर तो बाहेर जाणं सोडत नाही, परत येणं सोडतो.